डॉ. आनंदीबाई जोशी : कादंबरी, चरित्र आणि डिजिटल अभिलेख

मराठी वाचकाच्या मनातील आनंदीबाई ही प्रामुख्याने श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' (१९६८) या कादंबरीने घडविलेली प्रतिमा आहे. महाविद्यालयीन शोधनिबंधांतही या कादंबरीचा आधार चरित्रग्रंथासारखा घेतला जातो, हे खटकणारे आहे. कादंबरीचे सामर्थ्य वादातीत असले तरी तिच्या केंद्रस्थानी गोपाळराव आहेत आणि आनंदी त्यांच्या हट्टातून घडत जाते.

वस्तुतः आनंदीबाईंचे पहिले मोठे चरित्र अमेरिकन साहित्यात अवतरले. कॅरोलिन हीली डॉल यांचा ग्रंथ १८८८ मध्ये, म्हणजे आनंदीबाईंच्या निधनानंतर (२६ फेब्रुवारी १८८७) पुढच्याच वर्षी, बोस्टनच्या रॉबर्ट्स ब्रदर्सने प्रकाशित केला. लुइझा मे अल्कॉट यांचे प्रकाशकही हेच. डॉल या मार्गारेट फुलर यांच्या वैचारिक वर्तुळातील लेखिका. साहजिकच त्यांची आनंदीबाई अमेरिकन वाचकाला उद्देशून उभी राहते. तथापि त्यांनी आनंदीबाईंच्या पत्रांना स्थान दिले, ही त्या ग्रंथाची मोठी जमेची बाजू होय. पुढे अंजली कीर्तने यांनी मराठीत साधनांचा शोध थेट अमेरिकेपर्यंत नेला.

पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाचा वारसा आज ड्रेक्सेल विद्यापीठाकडे असून तेथील अभिलेखागाराने आनंदीबाईंचा १८८३ चा प्रवेश-अर्ज डिजिटल रूपात खुला केला आहे. जालन्यातील प्राध्यापकालाही तो आता मूळ हस्ताक्षरात वाचता येतो. आपली पूर्वतयारी अपुरी असल्याचे त्यात ती मान्य करते आणि स्वजनांचा व जातीचा विरोध पत्करून येथवर आणणारा निर्धार हीच आपली पात्रता म्हणून पुढे ठेवते. हा युक्तिवाद अठरा वर्षांच्या विद्यार्थिनीचा आहे. अर्थात तोही निर्मळ आत्मकथन नव्हे, प्रवेश मिळविण्यासाठी लिहिलेला अर्ज आहे. त्याचे वाचन तसेच व्हावे.

डिजिटल उपलब्धतेची दुसरी बाजूही आहे. केई ओकामी व सबात इस्लामबुली यांच्यासमवेतचे १८८५ चे छायाचित्र सर्वदूर पोहोचले. परंतु १८८६ मध्ये एम.डी.साठी सादर केलेल्या, आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावरील प्रबंधाची चिकित्सा मराठी समीक्षेत क्वचितच आढळते. त्यासाठी इंग्रजी, संस्कृत आणि वैद्यक या तिन्ही विषयांच्या अभ्यासकांना एकत्र बसावे लागेल. आपल्या विभागांची रचना मात्र त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसविते.