कल आणि कौल

दहावीचा निकाल लागला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, शाळांतली व्याख्याने आणि वीस-पंचवीस पानी पुस्तिका एकच प्रश्न विचारू लागतात : ‘दहावीनंतर पुढे काय?’ या लेखनाकडे वाङ्मयप्रकार म्हणून आपण पाहत नाही. निकालाच्या आठवड्यात ते वाचायचे आणि प्रवेश झाला की रद्दीत घालायचे, असा रिवाज आहे. पण आई, वडील, मूल आणि शेजारचे काका असे सगळे मिळून एकच मजकूर वाचतात आणि आठ दिवसांत त्यावर कृती करतात, असे दुसरे गद्य मराठी घरात आज कोणते आहे? कथा-कादंबरीला लावतो त्याहून कडक कसोटी या गद्याला लावायला हवी. ते काय सांगते हे पाहावेच, पण काय गाळते हेही पाहावे.

गेली काही वर्षे जुन्या बाजारातून अशा पुस्तिका मी जमवत आलो आहे. त्यांची रचना बहुतेक ठरलेली असते. आधी अभ्यासक्रमांची यादी, मग एखादी यशोगाथा आणि शेवटी उपदेश : मुलाचा कल ओळखा, आपली स्वप्ने त्याच्यावर लादू नका. यादी बरोबर असते, यशोगाथा खरी असते, उपदेशही चांगलाच असतो. राहते ती एकच गोष्ट. अकरावीत कोणता विषय सोडला की कोणते दार बंद होते, ते पुन्हा उघडते का, आणि उघडायला किती वर्षे व किती पैसे लागतात, हे कुठे एकत्र सापडत नाही. या गाळणुकीचे मूळ मार्गदर्शनाच्या आपल्या कल्पनेतच आहे, असे मला वाटते.

या कल्पनेचा इतिहास थोडक्यात पाहू. माध्यमिक शिक्षणाचा विचार करणाऱ्या मुदलियार आयोगाने (1952-53) बहुउद्देशीय शाळांसाठी विषयांचे सात गट सुचवले : मानव्यविद्या, विज्ञान, तंत्र, वाणिज्य, शेती, ललित कला आणि गृहविज्ञान. मुलाने गट निवडायचा तर त्याला कुणीतरी समजावून सांगायला हवे, म्हणून शाळांसाठी मार्गदर्शन अधिकारीही सुचवले. पुढे कोठारी आयोगाने (1964-66) इतक्या लवकर वाटा वेगळ्या करणे नाकारले. पहिली दहा वर्षे सर्वांना सामान्य शिक्षण आणि त्यानंतर शाखा, असा त्याचा आग्रह होता. त्याच अहवालात दहा शाळांमागे एक फिरता समुपदेशक असावा अशीही शिफारस होती. महाराष्ट्रात 1975 मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली आणि अकरावीची जुनी मॅट्रिक इतिहासजमा झाली. आकृतिबंध आला, समुपदेशक मागे राहिला.

अधल्यामधल्या काळात काम झालेच नाही असे नाही. मुंबईत व्यवसाय मार्गदर्शनाची सरकारी संस्था पन्नासच्या दशकापासून होती. पुण्यात 1962 मध्ये स्थापन झालेल्या ज्ञान प्रबोधिनीने मानसशास्त्रीय कसोट्यांचे गंभीर काम केले. पण राज्यातल्या प्रत्येक शाळेपर्यंत पोचणे अशा संस्थांच्या आवाक्यातले नव्हते. तो प्रयत्न राज्य मंडळाने 2016 पासून काही वर्षे केला, दहावीच्या विद्यार्थ्यांची ‘कल चाचणी’ घेऊन. तिच्यातही क्षेत्रे सातच होती : कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्यविज्ञान, तांत्रिक आणि गणवेषधारी सेवा. मुदलियार आयोगाच्या यादीशेजारी ही यादी ठेवली की साठ वर्षांत काय बदलले ते दिसते. गृहविज्ञान गेले, गणवेष आला. विज्ञानाच्या जागी आरोग्यविज्ञान आले. बाकीच्या पाच खणांची नावे जवळपास तशीच राहिली.

लाखो मुलांपर्यंत एक कसोटी नेणे हे लहान काम नव्हते. माझी हरकत तिच्या उत्तराच्या वाचनाला आहे. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात. पाकळी एका बाजूची पडली तर होकार, दुसऱ्या बाजूची पडली तर नकार. आपण कलाचा कौल केला. संगणकाने एक शब्द दिला, घराने तो देवाचा म्हणून घेतला किंवा हसून बाजूला ठेवला. खरे तर कौल लावण्याआधीही गाऱ्हाणे घालावे लागते, प्रश्न नीट मांडावा लागतो. इथे तेवढेही झाले नाही.

एक उदाहरण घेऊ. चाचणीने सांगितले, कल ‘कृषी’. मुलगी गावातली, घरी शेती, गावात कनिष्ठ महाविद्यालय आहे ते कला शाखेचे. कल शेतीकडे आहे तर शाखा कोणती का असेना, असे घरच्यांना वाटणे स्वाभाविक आहे. पण कृषी पदवीला साधारणपणे बारावी विज्ञान लागते. म्हणजे शेतीची आवड असलेल्या मुलीला रोज एसटीने तालुक्याला जाऊन भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकावे लागेल. हे ‘कृषी’ या शब्दात कुठेच नाही.

दुसरे उदाहरण ‘गणवेषधारी सेवा’ या खणाचे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा 2021 पासून मुलींनाही खुली झाली. तिच्यातून भूदलात जायला बारावी कोणत्याही शाखेची चालते. नौदल आणि हवाई दलासाठी मात्र बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवे. राज्यातल्या पोलीस शिपाई भरतीला शाखेची अट नाही. एकाच शब्दाच्या पोटात तीन वेगवेगळी उत्तरे आहेत आणि मुलाला अकरावीत शिरताना त्यांतलेच एक हवे असते.

‘शाखा’ हा शब्दही आपल्याला चकवतो. एका फांदीवरून दुसरीवर उडी मारता येत नाही, असे तो सुचवतो. वस्तुस्थिती जास्त गुंतागुंतीची आहे. सनदी लेखापाल होण्यासाठी वाणिज्य शाखा अनिवार्य नाही. वकिलीला कोणतीही शाखा चालते. दहावीनंतर तंत्रनिकेतनातून तीन वर्षांची पदविका घेतली तर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येते, अकरावी-बारावीशिवाय. उलट वास्तुरचनेला गणित लागतेच. बारावीला जीवशास्त्र नसेल तर वैद्यकीय प्रवेशाचे दार पूर्वी बंद असे. नोव्हेंबर 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने बारावीनंतर ते अतिरिक्त विषय म्हणून घेण्याची मोकळीक दिली. पण त्यासाठी वेगळी परीक्षा आणि बहुधा एक वर्ष द्यावे लागते. काही दारे वाटतात त्याहून उघडी आहेत, काही वाटतात त्याहून घट्ट. पुस्तिका मात्र सगळी एकाच रंगात रंगवते.

त्यातही गणिताचे दार सगळ्यांत गाफीलपणे लावले जाते. विज्ञानात ‘डॉक्टरच व्हायचेय’ म्हणून ते सुटते. वाणिज्य शाखेत गणित की चिटणीसाची कार्यपद्धती, हा निर्णय मित्राने काय घेतले यावर होतो. कला शाखेत ते घेता येते, पण अनेक ठिकाणी शिकवलेच जात नाही. पुढे अर्थशास्त्र, संख्याशास्त्र किंवा संगणकशास्त्राकडे वळताना ते आठवते. प्रवेश अर्जही या गाफीलपणाला हातभार लावतो. 2025 मध्ये अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रक्रिया सगळ्या राज्याला लागू झाली. तिच्यात महाविद्यालय आणि शाखा यांचे पसंतीक्रम भरायचे असतात. विषय बहुधा प्रवेश नक्की करताना, महाविद्यालयाच्या खिडकीसमोर, पाच मिनिटांत ठरतात. सगळ्यात लांब सावली पडणाऱ्या निर्णयाला सगळ्यात कमी वेळ मिळतो.

या गाळणुकीचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. ज्या घरात एखादी मावशी प्राध्यापक आहे किंवा मामा अभियंता आहे, तिथे पुस्तिकेत नसलेले जेवणाच्या ताटावर सांगितले जाते. ज्या घरातून पहिल्यांदाच कुणी अकरावीला चालले आहे, तिथे पुस्तिका हाच मामा आणि तीच मावशी. तिथली गाळलेली ओळ कुणी भरून काढत नाही.

यावर दोन आक्षेप येतील. नियम दरवर्षी बदलतात, मग छापायचे काय? आणि पंधरा वर्षांच्या मुलाला बंद दारांची भीती का दाखवायची? पहिल्याचे उत्तर सोपे आहे : पानावर तारीख घालावी आणि दरवर्षी ते नवे करावे, पंचांग आपण तसेच वापरतो. दुसरा आक्षेप मला जास्त प्रामाणिक वाटतो. पण दार बंद होणार हे आधी कळले तर मूल निवड करते, नंतर कळले तर पश्चात्ताप करते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाखांमधल्या कठोर भिंती नकोत असे म्हटले आहे. त्या पडतील तेव्हा पडतील. आज दहावीत असलेल्या मुलाला आजच्या भिंतींचा नकाशा हवा.

तो नकाशा आठवी-नववीतच हाती पडावा, निकालानंतरच्या आठवड्यात नव्हे. त्यात विषयांसमोर अभ्यासक्रम असावेत, परतीचे रस्ते असावेत, वर्षे आणि खर्च असावा, आणि जवळच्या कोणत्या महाविद्यालयात तो विषय खरोखर शिकवला जातो हेही असावे. शाळेतला एक शिक्षक दोन तास काढून पालकांसमोर तो मोठ्याने वाचू शकेल. कोठारी आयोगाने दहा शाळांमागे एक माणूस मागितला होता. साठ वर्षांनंतर निदान दर शाळेमागे एक कागद द्यायला हरकत नसावी.