शिक्का पाहावा की माप?

शाळेच्या प्रयोगशाळेसाठी व्हर्नियर कॅलिपर, गुण्या, कानशी, पेचकस यांची यादी करायला बसले की एक प्रश्न हमखास येतो : "माल कुठला?" जर्मन म्हटले की माना डोलतात, जपानी म्हटले की किंमत विचारली जाते आणि चिनी म्हटले की नाके मुरडली जातात. शिक्षकांच्या एका कार्यशाळेत मी टेबलावर दोन कॅलिपर ठेवले होते. दोहोंवरील नावे चिकटपट्टीने झाकली होती. कोणता चांगला ते मापून सांगा, असे म्हटल्यावर थोडी चुळबुळ झाली. शेवटी एक गुरुजी म्हणाले, "मॅडम, आधी ती पट्टी काढा, मग सांगतो."

या उत्तरातच आपल्या सवयीची गोम आहे. देशाचे नाव आपल्याला मापण्याच्या कष्टातून सोडवते.

ज्या 'मेड इन जर्मनी'वर आपला एवढा भरवसा आहे, त्या शब्दांचा जन्म मुळात बदनामीसाठी झाला. शेफील्डचे सुरी-कात्रीवाले तक्रार करत होते की जर्मनीतील हलका माल शेफील्डचा म्हणून खपवला जातो. १८८७ साली ब्रिटिश संसदेने कायदा करून अशा फसव्या खुणांना बंदी घातली आणि परदेशी मालावर त्याचे मूळ उघड करण्याची सक्ती आली. तक्रार अगदीच खोटी नव्हती. त्याआधी १८७६च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात फ्रान्झ रॉयलो या जर्मन अभियंत्यानेच आपल्या देशाच्या मालाला 'स्वस्त आणि वाईट' म्हटले होते. पण पुढच्या थोड्याच वर्षांत जर्मन माल सुधारला आणि कलंकाचा शिक्का प्रतिष्ठेचा झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी मालाचीही अशीच टिंगल होत असे. अक्षरे तीच राहिली, कारखाने बदलले.

शिवाय शिक्का नेमके काय सांगतो हेही धूसर आहे. स्विस घड्याळाचे उदाहरण घ्या. तेथे २०१७पासून उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमध्ये व्हावा लागतो. उरलेला बाहेर झाला तरी घड्याळ 'स्विस'च. उलट, 'एसकेएफ' ही स्वीडनची बेअरिंग कंपनी, पण तिचा चिंचवडचा कारखाना १९६०च्या दशकातला आहे. मग ते बेअरिंग स्वीडिश म्हणायचे की पुण्याचे? बेअरिंगला त्याने काही फरक पडत नाही.

देशाला काहीच अर्थ नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. ज्या गावात पोलादाला पाणी देणारे हात पिढ्यान्‌पिढ्या आहेत, तेथली कानस चांगली निघण्याची शक्यता अधिक. सुटे भाग, दुरुस्ती, हमी यांनाही महत्त्व आहे. पण शक्यता म्हणजे मोजणी नव्हे, आणि आपल्या हातात पडते ती एकच वस्तू, सरासरी नव्हे.

ती वस्तू तपासायला फारसे काही लागत नाही. कॅलिपरचे जबडे मिटवून खिडकीकडे धरा. मधून उजेडाची पाचर दिसली तर जबडे समांतर नाहीत. शून्य त्रुटी पाहा. ती असली तरी चालेल, दुरुस्ती करता येते. पण प्रत्येक वेळी निराळी येत असेल तर तो कॅलिपर शोभेचा. मग बाजारातून चांगल्या मेकचे ६०८ क्रमांकाचे बॉलबेअरिंग आणा. मुलांच्या फिरत्या भिंगरीत असते तेच. या क्रमांकाची मापे जगभर एकच आहेत : बाहेरचा व्यास २२ मिमी, भोक ८ मिमी. साध्या प्रतीच्या बेअरिंगमध्येही या व्यासांत एक शतांश मिलिमीटरएवढा फरक चालत नाही. तेव्हा शून्य त्रुटी वजा करूनही कॅलिपर २१.९० दाखवू लागला, तर दोष कोणाचा हे उघड आहे. बाहेरचा व्यास एकदा जबड्यांच्या मुळाशी आणि एकदा टोकाशी मोजा. दोन उत्तरे आली तर सरकता जबडा डुगडुगतो आहे.

गुण्याची परीक्षा तर सुतारही करतो. फळीच्या सरळ कडेला लावून रेघ मारायची, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी मारायची. १५० मिमी अंतरावर रेघांत १ मिमीची फट पडली तर खरी चूक तिच्या निम्मी, म्हणजे सुमारे ११ मिनिटे कोन. हा नववीच्या वर्गाला देण्याजोगा प्रश्न आहे. पेचकसाच्या टोकावर चांगली कानस हलकेच फिरवा. ती घसरली तर टोकाला पाणी नीट दिलेले आहे. लोण्यासारखी चावली तर पहिल्याच घट्ट स्क्रूला ते वळणार.

त्या कार्यशाळेत पट्ट्या काढल्या तेव्हा दोन्ही कॅलिपर चिनी निघाले. एकाची किंमत दुसऱ्याच्या सहापट होती आणि उजेडाची पाचर स्वस्तातल्यात होती. चीनमध्ये दोन्ही बनतात, कारण दोन्ही मागवणारे आहेत. हरियाणातील अंबाल्याला आपण उगाच बोल लावतो. शाळा-महाविद्यालयांची उपकरणे बनवणारे कितीतरी कारखाने त्या एका शहरात आहेत आणि त्यांचा माल परदेशातही जातो. मागणीपत्रात नुसते 'व्हर्नियर कॅलिपर, नग २०' आणि सर्वांत कमी दर एवढीच अट असेल, तर कारखानदार त्या अटीत बसेल तेच देणार. कॅलिपरसाठी आयएस ३६५१ हे भारतीय मानक आहे. ते मागणीपत्रात लिहायला एक ओळ पुरते.

याची किंमत मुले मोजतात. मी शाळेत असताना आमच्या कॅलिपरचा जबडा डुगडुगत असे. गोळीचा व्यास प्रत्येकाला वेगळा यायचा, आणि सरांना हवे ते उत्तर ठाऊक असल्याने आम्ही आधी उत्तर लिहून मागाहून वाचने भरत असू. वहीवर पूर्ण गुण मिळाले. खरे वाचन लिहिणाऱ्या मुलीला मात्र 'पुन्हा करा' असा शेरा मिळाला होता.

पुढची खेप आली की बिलावर सही करण्यापूर्वी खोके वर्गात नेऊन उघडा. वीस कॅलिपर आणि एक बेअरिंग, तासाभराचे काम आहे. नापास झालेले नग मुलांच्या वाचनांसह पुरवठादाराकडे परत पाठवा.