ग्रंथ टिकला, पण सापडेल काय?

सुरतेत १८५० साली अँड्र्यूज लायब्ररी स्थापन झाली. आज ग्रंथालयांची कसोटी संगणकाच्या पडद्यावर लागते आहे. पृष्ठांची छायाचित्रे घेतली म्हणजे ग्रंथ वाचकापर्यंत पोहोचला, हा समज मात्र भ्रामक होय. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या प्रकल्पाने अनेक जुनी मराठी पुस्तके टिपून ठेवली, हे त्याचे ऋण मान्यच आहे. परंतु शीर्षके रोमन लिपीत, तीही पुष्कळदा अशुद्ध, नोंदली गेली. चिन्हांविना लिहिलेल्या रोमन अक्षरांत ‘कला’, ‘कळा’ आणि ‘काळा’ एकरूप होतात. शोधणाऱ्याने शोधावे तरी कसे? आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांचे ग्रंथ उद्या ग्रंथालयांच्या स्वाधीन होतील. ते देताना देवनागरी सूचीचा आग्रह आपण धरला नाही, तर ग्रंथ टिकेल. वाचक मात्र दुरावेल.