पदच्युतांचा आश्रय व आमचे ऐतिहासिक वाङ्मय

कल्याण-डोंबिवलीकडून आगगाडीने येणारा उतारू कळव्यानंतर खाडी ओलांडतो आणि साष्टीच्या बेटावर उतरतो. ही खाडी एके काळी दोन राज्यांची सीमा होती, हे त्याच्या ध्यानी येण्याचे काही कारण नाही. 1774 च्या डिसेंबरअखेर ठाणे इंग्रजांच्या हाती गेले. समोरचे कल्याण मात्र, 1780 पासूनच्या दोन वर्षांची धामधूम सोडली तर, 1817 पर्यंत पेशव्यांकडे राहिले. चाळीस वर्षांहून अधिक काळ एका काठावर एकाचा अंमल व दुसऱ्या काठावर दुसऱ्याचा, अशी ही स्थिती होती. उतारूस ती ठाऊक नसली तर त्यात त्याचा दोष नाही. परंतु ज्या भाषेत ऐतिहासिक नाटके व कादंबऱ्या विपुल झाल्या, त्या भाषेच्या वाङ्मयातही ही सीमा फारशी उमटलेली नाही, याचे आम्हांस नवल वाटते. या उणिवेमागे केवळ विस्मरण नसून विचाराचा एक दोष आहे, असे आमचे मत आहे. तोच येथे मांडण्याचा हेतू आहे.

पेशवाईच्या उत्तरार्धात घरच्या यादवीत हरलेले दोन पुरुष परक्याच्या आश्रयास गेले. रघुनाथराव पहिला आणि त्याचाच पुत्र दुसरा बाजीराव हा दुसरा. दोघांनीही या उत्तर कोकणच्या किनाऱ्याचा व्यवहार केला. आमच्या लेखकांनी या दोघांना सोडलेले नाही. उलट त्यांच्यावर मनसोक्त लिहिले आहे. प्रश्न आहे तो काय लिहिले याचा.

कै. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘भाऊबंदकी’ हे नाटक 1909 साली रंगभूमीवर आले. नारायणरावाचा वध आणि रामशास्त्र्यांचा न्याय या दोन खांबांवर ते उभे आहे. सत्ताधीशापुढे निर्भयपणे देहान्त प्रायश्चित्त सांगणारा न्यायाधीश हे मराठी रंगभूमीवरील एक अविस्मरणीय चित्र आहे, याविषयी दुमत होणार नाही. परकीय सत्तेखाली असलेल्या प्रेक्षकांस त्या निःस्पृहतेतून काय मिळत असेल, तेही समजते. तथापि याच सामर्थ्याने एक अनर्थ केला. राघोबाची कथा म्हणजे पाप आणि न्याय यांची कथा, असा ग्रह मराठी मनात कायमचा बसला. शास्त्रीबुवांनी निर्णय दिला, प्रेक्षकांचे समाधान झाले. राघोबाच्या कृत्याचे खरे मोल ज्यांनी दिले ते लोक मात्र रंगमंचावर येतच नाहीत. कारण ते पुण्यात नव्हते, ठाण्यास होते.

हकीकत थोडक्यात अशी. 30 ऑगस्ट 1773 रोजी नारायणरावाचा वध झाला. 18 एप्रिल 1774 रोजी पुरंदरावर सवाई माधवरावाचा जन्म झाला, बारभाईंच्या पक्षास बळ आले आणि राघोबास मुंबईकरांच्या मदतीची गरज पडली. मुंबईकरांनी साष्टी व वसई मागितली. येथे राघोबास न्याय दिला पाहिजे: ती जागा देण्यास तो प्रथम कबूल होईना. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत 1737 ते 1739 या काळात जो मुलूख फिरंग्यांपासून सोडविला, तो आपल्या सहीने जावा, हे त्याच्याही जिवावर आले. मग फिरंगी साष्टी परत घेतील अशी भीती पुढे करून इंग्रजांनी ठाण्यावर तोफा लाविल्या. त्यांचा आरमारी सरदार वॉटसन तेथे पडला. किल्ला सर झाल्यावर आतील शिबंदीपैकी बहुतेक लोक कापले गेले. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, मार्च 1775 मध्ये, सुरतेस तह झाला आणि राघोबाने साष्टी व वसई इंग्रजांस लिहून दिली. अडीच हजार फौजेच्या मदतीसाठी सहा लाखांचे जवाहीरही गहाण टाकले.

यात नाट्य कोठे आहे, असे कोणी विचारील तर आम्ही म्हणू, येथेच आहे. ठाण्याची शिबंदी पेशव्यांच्या निशाणाखाली मेली. आणि जो स्वतःस पेशवा म्हणवीत होता, त्यानेच ती ज्या तटावर मेली तो तट मारणाऱ्यांच्या नावे करून दिला. शनिवारवाड्यातील रात्र भयंकर खरी. पण तिच्यात मारणारा व मरणारा स्पष्ट दिसतात. सुरतेच्या कागदात मारणारा कोण, हे ठरविण्यास रामशास्त्री नव्हता. तो निवाडा नाटककारानेच करावयाचा होता, आणि तो राहून गेला.

या प्रसंगातून जो नियम निघतो तो आमच्या वाङ्मयास अद्याप नीट उमगलेला नाही. आश्रय देणाऱ्यास आश्रिताचे राज्य सहसा नको असते. त्यास हवी असते ती आश्रिताची सही. ठाणे इंग्रजांनी तलवारीने घेतलेच होते. उणीव होती ती फक्त असा अधिकार असणाऱ्याच्या, निदान तसा दावा सांगणाऱ्याच्या, हस्ताक्षराची. म्हणून 1776 च्या पुरंदरच्या तहात राघोबाचा पक्ष सोडावयास कलकत्तेकर तयार झाले, पण साष्टी सोडावयास नव्हे. वडगावास 1779 मध्ये मुंबईकरांची नाचक्की झाली, राघोबा महादजी शिंद्यांच्या स्वाधीन झाला, पुन्हा निसटून इंग्रजांकडे गेला. अखेर 17 मे 1782 च्या सालबाईच्या तहाने पुणे दरबाराचीच सही इंग्रजांस मिळाली. वसई व कल्याण परत आली, साष्टी इंग्रजांकडेच राहिली, आणि राघोबास महिना पंचवीस हजारांची नेमणूक ठरून त्याचे राजकारण संपले. पुढच्याच वर्षी तो कोपरगावी वारला. ज्या दिवशी अधिक वजनाची सही मिळते, त्या दिवशी आश्रिताचा भाव उतरतो.

पुत्राने पित्याचा धडा घेतला नाही. 25 ऑक्टोबर 1802 रोजी हडपसरास यशवंतराव होळकराने पेशवे व शिंदे यांच्या फौजा मोडल्या. बाजीराव सिंहगडावरून कोकणात उतरला, सुवर्णदुर्गाकडे गेला, आणि इंग्रजी गलबतातून वसईस पोहोचला. तीन बाजूंनी पाण्याने वेढलेल्या त्या कोटात 31 डिसेंबर रोजी त्याने तह केला. तैनाती फौज, तिच्या खर्चास सव्वीस लाखांचा मुलूख, आणि इंग्रजांस विचारल्यावाचून इतर दरबारांशी बोलणे नाही, अशी त्याची मुख्य कलमे. मे 1803 मध्ये तो पुण्यास परतला खरा, पण परक्यांच्या पलटणींच्या आधाराने.

या पुरुषास लोकांनी ‘पळपुटा’ म्हटले आणि वाङ्मयाने तो शब्द उचलला. कै. नरसिंह चिंतामण केळकर यांनी 1918 साली, राज्य जाऊन शंभर वर्षे झाली त्या निमित्ताने, ‘मराठे व इंग्रज’ लिहिले. राज्य का गेले याची शांत चित्ताने कारणे शोधण्याचा त्यांचा यत्न फार मोलाचा आहे. पण विषयाचा पल्लाच असा मोठा की एकेक परगणा तेथे तहातील कलम होऊनच यावा, हे साहजिक होते. नंतर, 1960 नंतरच्या दहा वर्षांत, ना. सं. इनामदार यांनी ‘झेप’, ‘झुंज’ आणि ‘मंत्रावेगळा’ या कादंबऱ्यांतून त्रिंबकजी डेंगळे, यशवंतराव व बाजीराव यांच्याकडे सहानुभूतीने पाहिले. बखरीतील व शाळेतील निकाल अंतिम नाहीत हे त्यांनी दाखविले, आणि हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु निंदा असो की सहानुभूती, दोहोंचा विषय एकच राहिला: त्या पुरुषाचे अंतःकरण. तो भित्रा होता की दुर्दैवी? या प्रश्नाभोवती आम्ही शंभर वर्षे फिरत आहोत. त्याने लिहून दिलेल्या मुलखातील कोळी, आगरी, भंडारी यांच्याकडे वळून पाहण्यास आम्हांस सवड झाली नाही.

आमचे म्हणणे पटावे म्हणून एक परदेशचे उदाहरण घेऊ. चीनमधील यादवीत कुओमिंतांग पक्ष हरला आणि डिसेंबर 1949 मध्ये च्यांग काय-शेक यांचे सरकार फॉर्मोसा ऊर्फ तैवान बेटावर गेले. जून 1950 मध्ये कोरियाचे युद्ध पेटले. ज्या अमेरिकेने जानेवारीत हात झटकले होते तिनेच सामुद्रधुनीत आरमार आणून उभे केले. डिसेंबर 1954 मध्ये उभयतांत संरक्षणाचा तह झाला. तह तैवान व पेंघू बेटांपुरता होता. आणि सोबतच्या पत्रव्यवहाराने चीनच्या भूमीवर अमेरिकेच्या संमतीवाचून चाल करण्यास च्यांग मोकळे राहिले नाहीत. सर्व चीनचे राज्य आपले, असे म्हणणाऱ्याचा हात मित्रानेच धरून ठेविला! वसईच्या कलमांची आठवण येथे कोणास होणार नाही? 25 ऑक्टोबर 1971 रोजी संयुक्त राष्ट्रसंघातील चीनची जागा पेकिंगकडे गेली. 1979 च्या आरंभी अमेरिकेने पेकिंगला मान्यता दिली, आणि वर्षभरात तो तह संपला. अधिक वजनाची सही मिळाली होती.

साम्य येथवरच आहे, आणि भेद साम्याहून अधिक शिकवितो. च्यांग यांनी आश्रयदात्यास बेटाचा तुकडा तोडून दिला नाही. जमीन कुळांस देण्याची सुधारणा त्यांच्या सरकारने तेथे केली. पण किंमत तेथेही कोणीतरी दिलीच. फेब्रुवारी 1947 मधील उठावानंतर बेटावरील सहस्रावधी लोक मारले गेले. 1949 पासून 1987 पर्यंत लष्करी कायदा होता. आणि समुद्रापलीकडे निवडलेले प्रतिनिधी 1991 पर्यंत जागा अडवून बसले होते. 1996 मध्ये बेटवासीयांनी आपला अध्यक्ष स्वतः निवडला. बाजीराव आपल्या राजधानीत परतला आणि पंधरा वर्षांत राज्य गमावून बसला. च्यांग कधीच परतले नाहीत, पण ज्या बेटाने त्यांचा भार सोसला त्याच्या हाती अखेर स्वतःचा कारभार आला. साष्टीच्या वाट्यास हे आले नाही. तिला कोणी विचारले नाही, आणि तिच्यावर कोणी लिहिलेही नाही.

कोणी म्हणेल, नाटककाराने रंगभूमीवर तहनामे वाचून दाखवावे की काय? तसे आमचे म्हणणे नाही. माणसाचे अंतःकरण हाच ललितवाङ्मयाचा विषय होय. पण ज्याने सही केली त्याच्याइतकेच, ज्याच्यावर सही झाली त्यासही अंतःकरण असते, एवढेच आम्ही सुचवितो. लोकवाणीस हे आमच्याहून आधी कळले असावे. गंगाधरशास्त्र्यांच्या खुनानंतर त्रिंबकजीस ठाण्याच्या किल्ल्यात ठेविले होते. सप्टेंबर 1816 मध्ये तो पळाला. खिडकीखाली खरारा करणाऱ्या एका मोतद्दाराने गाण्यातून त्यास सुटकेची युक्ती सांगितली, अशी कथा आहे, आणि ती बिशप हेबर यांच्या प्रवासवर्णनातही आली आहे. कथा खरी असो वा नसो. तिचा नायक पेशवा नाही, सरदारही केवळ निमित्त आहे. तिचा नायक घोड्याचा चाकर आहे.

त्या किल्ल्यात आज तुरुंग आहे. तटाबाहेरून रोज हजारो माणसे जातात. 1774 च्या त्या डिसेंबरात आत कोण मेले, आणि त्यांचे मरण कोणी कोणास लिहून दिले, हे त्यांना सांगणारा मराठी ग्रंथ अद्याप व्हावयाचा आहे. तो जो लिहील त्याने राघोबास शिव्या देऊ नयेत आणि त्याची कीवही करू नये. त्याने खाडीच्या काठावर उभे राहून लिहावे, म्हणजे झाले.