मुलांच्या पुस्तकातला मांडव

बिरसा हा मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्याचा छत्तीसगडला टेकलेला तालुका. गोंड, बैगा, पोवार अशा समाजांची गावं इथे शेजारी-शेजारी आहेत, शिवाय मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीमुळे बाहेरून येऊन राहिलेली कुटुंबंही आहेत. इथल्या मुलाला एकाच लग्नसराईत तीन-चार तऱ्हांची लग्नं बघायला मिळू शकतात. हेच मूल लग्नावरचं चित्रपुस्तक उघडतं तेव्हा मात्र त्याला बहुधा एकच लग्न दिसतं: घोड्यावर फेटा बांधलेला नवरा, लाल कपड्यातली नवरी आणि मध्ये अग्निकुंड.

ही एकसुरी मांडणी दोन वाटांनी आली. १९६७ पासून ‘अमर चित्र कथा’ने स्वयंवरं आणि वधूहरणं भरपूर रंगवली. तिथे लग्न हे पराक्रमाचं बक्षीस आहे. हळद कोण कुटतं, मांडव कोण घालतं, याच्याशी त्या चित्रांना देणंघेणं नाही. दुसरी वाट परदेशातल्या भारतीय कुटुंबांसाठी इंग्रजीत निघणाऱ्या पुस्तकांची. त्यांची गरज खरी आहे, कारण वर्गातल्या मित्राला आत्याचं लग्न समजावून सांगायचं असतं. पण मेंदी, वरात, फेरे अशी एकेका पानावर एकेक ओळख करून देता-देता गोष्ट हरवते. त्यातही हे लग्न बहुतेकदा उत्तर भारतीय वळणाचं. न्यू जर्सीतल्या मराठी मुलीला त्यात मुंडावळ्या सापडत नाहीत आणि बिरशातल्या मुलीला तिच्या अंगणातला मांडव.

मराठीत याहून चांगलं होऊ शकतं, असं मी लेखिका-चित्रकार माधुरी पुरंदरे यांच्या भरवशावर म्हणतो. ‘राधाचं घर’मध्ये त्यांनी घरातली माणसं मुलाच्या उंचीवरून दाखवली. उपदेश नाही, माहितीचा ढीग नाही. नात्यांचं हे चित्रण लग्नघरात नेलं तर काय काय हाती लागेल! आपल्या लग्नात मुलांना मानाची कामं आहेत. करवली कलश घेऊन उभी राहते. नवरीचा धाकटा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो आणि मोठ्यांना त्याला भेट द्यावी लागते. अंतरपाट तर चित्रपुस्तकासाठीच जन्मलेला आहे: डाव्या पानावर नवरी, उजवीकडे ताणून धरलेलं वस्त्र, पान उलटलं की अक्षतांचा पाऊस. इतका नाट्यमय क्षण आमच्या चित्रकारांनी अजून पुरता वापरलेला नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

आणि लग्नघराच्या भिंती? वारली लग्नात सवासिनी तांदळाच्या पिठाने लग्नचौक लिहितात, मधोमध पालघट देवी असते, लग्न लावणारी धवलेरी गाते. चौक पुरा झाल्याखेरीज लग्न पुढे जात नाही. मिथिलेत नवदांपत्याच्या खोलीच्या भिंतीवर ‘कोहबर’ हे चित्र रंगवतात. चित्रांतून लग्न सांगण्याची परंपरा छापखान्याच्या कितीतरी आधीची आहे आणि ती बायकांनी चालवली. त्यातली वारली कला जिव्या सोमा म्हसे यांनी कागदावर, जगापुढे नेली. चेन्नईच्या तारा बुक्सने वारली आणि गोंड चित्रकारांबरोबर सुंदर पुस्तकं केली. भज्जू श्याम, दुर्गाबाई व्याम आणि रामसिंग उर्वेती यांच्या झाडांवरच्या पुस्तकाला २००८ मध्ये बोलोन्याच्या बालपुस्तक मेळ्याचा पुरस्कार मिळाला. हे चित्रकार मूळचे दिंडोरीकडचे, म्हणजे बालाघाटपासून फार लांबचे नाहीत. झाडांवर, शहरावर, सृष्टीच्या उगमावर त्यांनी पुस्तकं केली. स्वतःच्या गावातल्या लग्नावर लहान मुलांसाठी पुस्तक करा, असं त्यांना कोणी म्हणायला हवं होतं.

इथे एक सावधगिरी हवी: सगळी लग्नं ‘हिंदू लग्न’ या एकाच साच्यात बसवू नयेत. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं सातवं कलम वर किंवा वधू, कोणत्याही एका पक्षाच्या रूढीप्रमाणे झालेलं लग्न मान्य करतं. सप्तपदी जिथे रूढीत आहे तिथेच तिचं सातवं पाऊल निर्णायक. अनुसूचित जमातींना तर केंद्राने अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा लागूच होत नाही. कायद्याला जे वैविध्य दिसतं ते बालपुस्तकाला दिसू नये, हे बरोबर नाही. गोंड किंवा बैगा लग्नाला ‘हिंदू लग्न’ म्हणायचं की नाही, हे त्या समाजांनीच सांगावं. मुखपृष्ठाने परस्पर ठरवू नये. तसंच १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी सुरू केलेलं, पुरोहिताशिवायचं सत्यशोधक लग्नही मुलांना दिसायला हवं. वधूवर तिथे एकमेकांना वचन देतात. सहा वर्षांच्या मुलाला हे समजतं.

हुंड्याचं काय, मुलगी अठरा वर्षांची का हवी, हे प्रश्न चित्रपुस्तकात नकोत असं काही संपादकांना वाटतं. मला पटत नाही. मुलं मांडवात बसून सगळं ऐकत असतात.

भोपाळचं एकलव्य, पुण्याचं ज्योत्स्ना प्रकाशन यांच्यासारख्या प्रकाशकांना माझी विनंती आहे: बालाघाट-गोंदियाच्या सीमेवरच्या लग्नांचं एक पुस्तक काढा. चित्रं शहरातून मागवू नका. लग्नाआधी घराची भिंत लिंपून रंगवणाऱ्या बाईला गाठा, तिला पुरेसं मानधन द्या, तिचं नाव मुखपृष्ठावर छापा, आणि मजकूर मराठी, हिंदी, पोवारी, गोंडी अशा चारही भाषांत ठेवा.