डिजिटल अभिलेख आणि वर्णनाचा अधिकार

बाळापूरचा किल्ला औरंगजेबाचा पुत्र आजमशाह याने १७२१ मध्ये बांधावयास घेतला व एलिचपूरचा नबाब इस्माईलखान याने १७५७ मध्ये तो पुरा केला, असे विधान आंतरजालावरील अनेक नोंदींत आढळते. आजमशाह मात्र १७०७ मध्येच जाजऊच्या लढाईत मारला गेला होता. तेव्हा प्रारंभाचे वर्ष तरी चुकले आहे, नाही तर कर्त्याचे नाव तरी. चूक होणे नवे नाही. विचारार्ह गोष्ट ही की, नोंदीवरून नोंद उतरत गेली, आणि मन व म्हैस नद्यांकाठच्या बाळापूरकरास आपला आक्षेप तिच्याशेजारी नोंदविण्यास बहुतेक ठिकाणी जागाच ठेवलेली नाही.

डिजिटल रूप दिल्याने जुना अभिलेख सर्वांस उपलब्ध होतो, हे खरे. परंतु त्यासोबत त्याची वर्गवारीही जशीच्या तशी पुढे जाते. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचे उदाहरण बोलके आहे. मराठीवरील सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वऱ्हाडीची नोंद आहे. सर्वेक्षणाचा ठरीव नमुना म्हणजे बायबलमधील उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताचे स्थानिक भाषांतर. दुसरा नमुना स्थानिक मजकुराचा घेण्याची सोय होती. तथापि त्याचे वर्गीकरण व विवरण इंग्रजीतूनच झाले. बोलणारा कसा बोलतो हे टिपले गेले. त्यास काय सांगावयाचे आहे, हा मुख्य प्रश्न नव्हता. आज हे खंड संगणकाच्या पडद्यावर वाचता येतात, पण तो प्रश्न तसाच राहिला आहे.

या संदर्भात मुंबईच्या ‘कॅम्प’ या कलावंतांच्या गटाने इतर संस्थांच्या सहकार्याने २००८ मध्ये सुरू केलेला ‘पॅड.मा’ हा चित्रफितींचा संग्रह महत्त्वाचा ठरतो. येथे पूर्ण झालेल्या चित्रपटाइतकेच न वापरलेल्या चित्रणासही मोल आहे, आणि चित्रफितीच्या नेमक्या क्षणाशी टिपण जोडता येते. एकाच दृश्यावर अनेक टिपणे शेजारी शेजारी राहू शकतात. वर्णन हा अखेरचा निवाडा नसून चालू संवाद होय, ही भूमिका येथे केवळ घोषित झालेली नाही. ती संग्रहाच्या रचनेतच उतरली आहे. निर्वसाहतीकरणाचा खरा अर्थ हाच म्हणावा लागेल.

तथापि एक मर्यादा दुर्लक्षिण्याजोगी नाही. या संग्रहाच्या व्यवहाराची भाषा इंग्रजी आहे. टिपणास जागा मिळाली, तरी त्या जागेपर्यंत पोहोचण्याची वाट परक्या भाषेतून जात असेल, तर अधिकार अर्धाच हस्तांतरित होतो. बाळापूरच्या किल्ल्याचे उद्या कोणी त्रिमितीय चित्रण केले, तर त्याची कसोटी चित्राच्या स्पष्टतेत नसेल. १७२१ या आकड्याशेजारी वऱ्हाडीतून लिहिलेला आक्षेप, लिहिणाऱ्याच्या नावानिशी, मूळ नोंदीच्या बरोबरीने वाचता येतो की नाही, यावरच त्याचे मूल्य ठरेल.