भिंत पुसली, छप्पर राहिले!

संगणकावर घर बांधण्याचे खेळ बरेच आहेत. त्यांतला ‘द सिम्स’ हा बहुधा सर्वांत परिचित. मॅक्सिस या अमेरिकन कंपनीसाठी विल राइट यांनी रचलेला हा खेळ फेब्रुवारी २००० मध्ये बाजारात आला. पुढे २००४, २००९ आणि २०१४ मध्ये त्याच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. खेळात खरे तर माणसांचा संसार चालवायचा असतो. पण पुष्कळ मुले रमतात ती घर बांधण्यातच. म्हणून हा खेळ भिंतीविषयी काय शिकवतो आणि काय शिकवत नाही, हे शिक्षकांनी तपासून पाहायला हवे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलभागात तर याची गरज अधिकच आहे. तिथला विद्यार्थी कुडाचे घर आणि विटांचे घरकुल एकाच गावात शेजारी शेजारी पाहतो.

खेळातली जमीन सारख्या चौकटींत विभागलेली असते. माउसचे बटण एका कोपऱ्यावर दाबून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत ओढले की भिंत उभी राहते. ती चौकटीच्या कडेने जाते, किंवा फार तर ४५ अंशांत तिरकी. शिफ्टची कळ दाबून ओढले तर चार भिंतींची पुरी खोली तयार होते. कंट्रोलची कळ दाबून ओढले तर भिंत पुसली जाते. हात थोडा थरथरला तरी भिंत वाकडी होत नाही. नवशिक्याच्या हाती काम चोख होते ते या बंधनामुळेच.

यात गणिताचा चांगला धडा आहे. भिंतीच्या प्रत्येक तुकड्याला पैसे पडतात. बारा तुकड्यांत १×५ ची खोली केली तर ५ चौकटी मिळतात, २×४ ची केली तर ८ आणि ३×३ ची केली तर ९. परिमिती तीच, खर्च तोच, क्षेत्रफळ मात्र वेगळे. फळ्यावर अर्धा तास घेणारी ही गोष्ट मूल इथे खेळता खेळता शिकते. या गुणाबद्दल खेळाची मोकळेपणाने स्तुती केली पाहिजे.

आता उणिवा पाहू. पहिली उणीव जाडीची. खेळातली भिंत दोन चौकटींमधल्या रेषेवर उभी राहते, त्यामुळे ती जागाच खात नाही. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात घराचा किमान आकार २५ चौरस मीटर ठरवला गेला. उदाहरणासाठी बाहेरून ५×५ मीटरचे घर घेऊ. २३ सेंटिमीटर जाडीच्या विटांच्या भिंती धरल्या तर आत ४.५४×४.५४, म्हणजे सुमारे २०.६ चौरस मीटर जागा उरते. भिंतींनीच साडेसतरा टक्के जागा घेतली! कुडाची भिंत १० सेंटिमीटर धरली तर आत २३ चौरस मीटर मिळतात.

दुसरी उणीव अधिक गंभीर, ती वजनाची. खेळात आतली एखादी भिंत पुसली तरी वरचे छप्पर जागचे हलत नाही. ‘माइनक्राफ्ट’ या दुसऱ्या लोकप्रिय खेळात तर वाळू-खडीसारखे काही ठोकळे सोडले, तर खालचा आधार काढल्यावरही बाकीचे ठोकळे हवेत तरंगत राहतात. प्रत्यक्षात विटांच्या अशा भिंतीचे वजन दर चौरस मीटरला चारशे किलोहून अधिक भरते. भिंतीचे वजन काय करू शकते, हे महाराष्ट्राने ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात पाहिले. दगड-मातीच्या जाड भिंती कोसळून हजारो माणसे त्याखाली गेली.

मग खेळातली भिंत साफ खोटी म्हणायची का? तसेही नाही. आपल्या भागातले कुडाचे घर आठवा. आधी लाकडी खांब पुरतात, त्यांवर आढे आणि वासे चढवतात, वर कवेलू बसतात. बांबूचा कूड विणून तो मातीने लिंपतात तो त्यानंतर. छपराचा भार खांबांतून जमिनीत जातो. कूड मुख्यतः आडोसा करतो आणि वाऱ्यात खांबांना थोडी मदत करतो. लग्नाच्या मांडवाला भिंती नसतात, तरी तो उभा राहतो, तेच हे तत्त्व. म्हणजे ‘भिंत पुसली, छप्पर राहिले’ हा परदेशी खेळातला चमत्कार आपल्या कुडाच्या घरात जवळजवळ खरा आहे!

धोका नेमका इथेच आहे. कुडाच्या घरात हवे तिथे कूड कापून दार काढता येते. खेळातही भिंतीवर दार ठेवले की भिंत आपोआप वाट देते. हीच समजूत घेऊन कोणी भिंतींवर तोललेल्या पक्क्या घरात दार फोडले, तर वरच्या विटांना पेलणारी तुळई तिथे नसते आणि छप्पर खाली येऊ शकते. उलट, काँक्रीटचे खांब आणि तुळया असलेल्या घरात विटांची भिंतही कुडासारखी नुसती भरणी असू शकते. म्हणून भिंत मातीची की विटांची, एवढे पाहून भागत नाही. वरचा भार कोणत्या वाटेने जमिनीत जातो, हे पाहावे लागते. खेळ हा प्रश्न विचारत नाही; तो शिक्षकाने विचारला पाहिजे.

यासाठी संगणक लागतोच असे नाही. चौकटीच्या वहीवर मुलांना घराचा आराखडा काढू द्या. मग दोन नमुने करा. एकात चिखलात रोवलेल्या चार काड्यांवर पुठ्ठ्याचे छप्पर आणि कागदाच्या भिंती. दुसऱ्यात काड्यापेट्या रचून केलेल्या भिंतींवर वही. दोन्हींतली एकेक भिंत काढायला सांगा. पण काय होईल, ते आधी लिहून घ्या. त्यानंतर प्रत्येकाने आपल्या घरी जाऊन कोणता खांब आणि कोणती भिंत छप्पर पेलते, ते नुसते पाहून टिपावे. हात लावू नये. अडेल तिथे घर बांधणाऱ्या आजोबांना किंवा गवंड्याला विचारावे.

खेळ जरूर खेळू द्या. रेषा सरळ ओढायला, मोजायला आणि चुकले तर पुसायला तो उत्तम शिकवतो. पण खऱ्या घरात पुसण्याची कळ नसते, तेवढे मुलांना आपणच शिकवायचे आहे.